टीकेइंटर: एकाच ॲपमध्ये अनेक विंडो उघडताना गोंधळ होतोय (पार्टी, चलान, डिझाइन)

चाटीगल्ली_कोडर:
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका होलसेल पेढीसाठी ऑर्डर नोंदवायचं सॉफ्टवेअर लिहितोय. माल म्हणजे चादर, टॉवेल, नॅपकिन. पायथन आणि टीकेइंटर (पायथनमधून विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) वापरलंय, दुकानातले पीसी विंडोजवर चालतात. डेटाबेसचं काम व्यवस्थित झालंय. घोडं अडलंय ते विंडोंपाशी.

मुख्य विंडोत आजच्या ऑर्डरींची यादी दिसते. तिथं ‘नवी पार्टी’, ‘चलान’ आणि ‘डिझाइन बघा’ अशी बटणं आहेत, प्रत्येक बटण आपली वेगळी विंडो उघडतं. प्रत्येक विंडोची फाइल वेगळी, आणि प्रत्येक फाइलीत सुरुवातीला टीके() (मूळ विंडो बनवणारा) आणि शेवटी मेनलूप() (क्लिक-टाइपची वाट बघत राहणारा). एकेक फाइल सुटी चालवली की सगळं ठीक. एकत्र जोडलं की पार्टीच्या विंडोतले नाव, गाव, जीएसटी नंबरचे रकाने भरूनही रिकामेच वाचले जातात. डिझाइनच्या विंडोत चित्राऐवजी ‘इमेज पायइमेज१ डझन्ट एक्झिस्ट’ असा एरर येतो.

दिवाणजींचा हात फार चपळ आहे. बटणावर दोनदा क्लिक होतं आणि एकाच पार्टीच्या दोन विंडो एकावर एक उघडतात. माहिती भरतात एकीत, सेव्ह होते दुसरी. चलान अर्धं भरलेलं असताना फुलीवर क्लिक झालं तर काहीही न विचारता सगळं जातं. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचंय. नुसता कोड नको, असं का होतं तेही कोणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

होटगी_रोड:
रिकामे रकाने आणि चित्राचा एरर, दोन्हींचं मूळ एकच आहे. टीकेइंटर म्हणजे टीके या टूलकिटवर पायथनचं आवरण, आणि टीके चालतं टीसीएल या भाषेवर. जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीला टीसीएल सुरू केली, टीके त्यानंतर आलं. आजही तुम्ही पायथनमध्ये टीके() लिहिलंत की आत एक पूर्ण टीसीएल इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, तयार होतो. दुसऱ्यांदा टीके() लिहिलंत की दुसरा. त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

तुमच्या पार्टीच्या फाइलीत स्ट्रिंगव्हार(), म्हणजे रकान्यातला मजकूर धरणारा डबा, नुसताच लिहिलेला असणार, तो कोणत्या विंडोचा हे सांगितलेलं नसणार. मग तो आपोआप पहिल्या टीके()ला जाऊन चिकटतो आणि एंट्रीचा रकाना असतो दुसऱ्यात. दिवाणजी टाइप करतात एका घरात, तुमचा प्रोग्राम वाचतो शेजारच्या घरात. चित्र धरणाऱ्या फोटोइमेजचंही तेच: चित्र पहिल्या इंटरप्रिटरमध्ये लोड झालं, लेबल दुसऱ्यात ते शोधतंय.

तेव्हा अख्ख्या ॲपमध्ये टीके() एकदाच आणि मेनलूप() एकदाच. बाकी सगळ्या विंडो टॉपलेव्हल, म्हणजे त्याच टीके()च्या आत उघडणाऱ्या सुट्या विंडो. प्रत्येक फाइलीत टॉपलेव्हलवरून बनवलेला एक क्लास ठेवा, त्याचा पहिला पॅरामीटर मालक विंडो. स्ट्रिंगव्हार आणि फोटोइमेज दोघांनाही मास्टर, म्हणजे मालक विंडो, उघड सांगा. फोटोइमेज सेल्फमध्ये धरून ठेवा, नाहीतर फंक्शन संपताच पायथन ते चित्र मोकळं करतो आणि लेबल कोरं दिसतं. (नावं इथं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहा.)

आता मला जे खरं महत्त्वाचं वाटतं ते. विंडो उघडणं एका ओळीचं काम आहे. ती कोणाच्या मालकीची, ती बंद कोण करणार, आणि बंद झाल्यावर कोणाला कळवायचं, हे आधी ठरवलं नाही तर पुढं कितीही कोड लिहिला तरी ठिगळंच लागतात. टीकेमध्ये मालक विंडोला डिस्ट्रॉय() केलं, म्हणजे नष्ट केलं, की तिच्या पोटातल्या सगळ्या विंडो तिच्याबरोबर जातात. डिझाइनची विंडो चलानाच्या पोटात घातलीत तर चलान मिटताच डिझाइनही मिटेल. तुमच्या पेढीत तसं हवंय का? की गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना डिझाइन उघडंच राहायला हवं? ते दिवाणजींना विचारा, आमच्याकडून उत्तर मिळणार नाही.

विजापूर_वेस:
माझं मत विचाराल तर हे सगळं सोडून क्यूटी या दुसऱ्या टूलकिटवर जा. पायसाइड६, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी, एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं, पेढीसाठी वापरायला अडचण नाही. विंडो, डायलॉग, मेनू सगळं तयार. टीकेइंटर दिसायलाही जुनाट वाटतं.

होटगी_रोड:
क्यूटी चांगलंच आहे, मोठ्या ॲपला मीही तेच घेईन. पण त्यांचा प्रश्न तिथं गेल्यानं सुटत नाही, नुसता वेश बदलतो. क्यूटीत पायथनच्या फंक्शनमध्ये विंडो बनवून शो() केलं आणि ती कुठंच धरून ठेवली नाही, तर विंडो क्षणभर चमकून गायब होते. फंक्शन संपलं, संदर्भ गेला, विंडो गेली. उलट बाजूनं, क्यूटीत क्लोज() केलं म्हणजे विंडो नष्ट होत नाही, ती फक्त लपते. नष्ट व्हायला हवी असेल तर डब्ल्यूए_डिलीटऑनक्लोज हा गुणधर्म लावावा लागतो. नाहीतर दिवसभरात उघडलेली प्रत्येक चलान विंडो मेमरीत बसून राहू शकते. मालक कोण हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

विजापूर_वेस:
हे मान्य. पण एक गोष्ट क्यूटीची खरंच चांगली आहे, ती पुढं विंडोच्या जागेचा विषय निघाला की सांगतो.

चाटीगल्ली_कोडर:
होटगी_रोड सर, मनापासून धन्यवाद. एकच टीके() केल्यावर रकाने आणि चित्रं दोन्ही लगेच ठीक झाले. दिवाणजींना विचारलं: चलान मिटलं तरी डिझाइन उघडं हवं. म्हणून ते थेट मुख्य विंडोच्या पोटात घातलं. आता दोनदा उघडणाऱ्या विंडो आणि फुलीचं काय करावं?

होटगी_रोड:
दोनदा उघडण्यावर उपाय असा. मुख्य विंडोत एक डिक्शनरी ठेवा: की म्हणजे पार्टीचा आयडी, व्हॅल्यू म्हणजे विंडो. बटण दाबलं की आधी डिक्शनरीत बघा. विंडो आहे आणि विन्फो_एक्झिस्ट्स() ती अजून जिवंत आहे असं सांगतंय, तर नवी बनवू नका. डीआयकॉनिफाय() (मिनिमाइझमधून परत), मग लिफ्ट() (सगळ्यांच्या वर), मग पहिल्या रकान्यावर फोकस_सेट() (कर्सर तिथं). नसेल तरच नवी. बटण डिसेबल करून ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात, मला ती पटत नाही. मिनिमाइझ झालेली विंडो परत वर आणायचा तोच तर सोपा रस्ता असतो.

विंडो मिटली की डिक्शनरीतली नोंद काढायची. त्यासाठी डिस्ट्रॉय इव्हेंट बाइंड कराल (विंडो नष्ट होताना आपलं फंक्शन चालेल असं जोडाल) तर जपून: टॉपलेव्हलवर तो बाइंड केला की तिच्या पोटातल्या प्रत्येक लेबल-बटणासाठीही तेच फंक्शन चालतं. चलानाच्या विंडोत चाळीस विजेट (लेबल, बटण, रकाना असे भाग) असतील तर मिटताना ते चाळीसदा चालेल. फंक्शनच्या पहिल्या ओळीत इव्हेंट.विजेट ही विंडो स्वतःच आहे का ते तपासा, नसेल तर परत फिरा.

फुलीचं नीट समजून घ्या. फुलीवर क्लिक केल्यानं विंडो बंद होत नाही. विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंच्या चौकटी सांभाळणारी यंत्रणा, तुमच्या प्रोग्रामला फक्त विचारतो, ‘बंद करायचं का?’ तुम्ही काहीच उत्तर लिहून ठेवलेलं नसेल तर टीके स्वतःहून विंडो नष्ट करून टाकतं. विंडोजच्या पोटातही असंच आहे: आधी डब्ल्यूएम_क्लोज हा निरोप येतो, तो तुम्ही हाताळला नाहीत तरच पुढं विंडो नष्ट होते. टीकेइंटरमध्ये प्रोटोकॉल("डब्ल्यूएम_डिलीट_विंडो", माझं_फंक्शन) लिहून उत्तर आपल्या हातात घ्यायचं. एकदा हातात घेतलं की डिस्ट्रॉय() करायची जबाबदारीही तुमची. ते विसरलात तर फुली दाबून दाबून बोट दुखलं तरी विंडो हलणार नाही.

त्या फंक्शनमध्ये मेसेजबॉक्स.आस्कयेसनोकॅन्सल वापरा. तो तीन उत्तरं देतो: ट्रू, फॉल्स आणि नन. कॅन्सल दाबलं की नन येतो. आता तुम्ही ‘इफ नॉट उत्तर’ असं लिहिलंत तर नो आणि कॅन्सल दोन्ही एकाच खात्यात जातात, आणि ‘थांब, अजून लिहायचंय’ म्हणून कॅन्सल दाबणाऱ्या माणसाचं चलान पुसलं जातं. ‘उत्तर इज नन’ आधी तपासा आणि तिथंच रिटर्न करा. मेसेजबॉक्सला पेरेंट म्हणून चलानाचीच विंडो द्या, नाहीतर प्रश्न मुख्य विंडोवर उमटतो आणि माणूस गोंधळतो.

कडक_भाकरी:
मी प्रोग्रामर नाही. नव्या पेठेत एका दुकानात बिलिंग करते, दिवसभर असल्याच विंडोंसमोर बसलेली असते, म्हणून दोन शब्द.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाची विंडो उघडली की मागचं काहीच उघडत नाही. बिल करता करता दुसऱ्या पार्टीचा फोन येतो, ‘ताई, मागच्या मालाचा रेट काय लावला होता?’ मला ते बघता येत नाही. अर्धं बिल टाकून द्यावं लागतं, नाहीतर फोनवर ‘दहा मिनिटांनी करते’ म्हणावं लागतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काउंटरवर गर्दी असते तेव्हा याचा किती त्रास होतो हे बनवणाऱ्याला कोणी सांगत नसावं.

दुसरं, माउसला हात लावायला लावू नका हो. एंटरनं पुढचा रकाना, एस्केपनं विंडो मिटायला हवी, आणि विंडो उघडली की कर्सर पहिल्या रकान्यात आधीच असायला हवा. आमचे जुने दिवाणजी घरी तेलुगू बोलतात, स्क्रीनवरचं मराठी सावकाश वाचतात. पण कोणती की दाबली की काय होतं हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. विंडोचं वागणं दर वेळी तेच असलं की त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

चाटीगल्ली_कोडर:
ताई, फार मोलाचं सांगितलंत. मी नेमकं चलानाला ग्रॅब_सेट() लावणार होतो, म्हणजे दिवाणजी बाहेर क्लिकच करू शकले नसते.

होटगी_रोड:
ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. मोडल विंडो, म्हणजे बाकी सगळं अडवून धरणारी विंडो, तिथंच वापरावी जिथं उत्तर मिळाल्याशिवाय प्रोग्रामला पुढं जाताच येत नाही: ‘सेव्ह करू का?’, ‘पासवर्ड’, ‘ही पार्टी कायमची काढू का?’ एवढंच. चलान, पार्टी, डिझाइन ही माणसाची कामं आहेत, ती एकावेळी दोन-तीन चाललेली असतात, त्यांना अडवायचं नाही.

चलानाला फक्त ट्रान्झियंट(रूट) लावून बघा, रूट म्हणजे मुख्य विंडो. मग ती मुख्य विंडोच्या वरच राहते, मुख्य विंडो मिनिमाइझ केली की तिच्याबरोबर खाली जाते, आणि मागच्या यादीतही काम करता येतं. विंडोजवर ट्रान्झियंट विंडोला मिनिमाइझचं बटण मिळत नाही आणि टास्कबारवर तिची वेगळी जागा नसते. चलानाला ते चालेल. डिझाइनच्या विंडोला मात्र ट्रान्झियंट लावू नका, ती मोठी करून गिऱ्हाइकाला दाखवायची असते.

जिथं खरोखर मोडल हवी तिथं क्रम महत्त्वाचा: ट्रान्झियंट, मग वेट_व्हिजिबिलिटी(), मग ग्रॅब_सेट(), शेवटी मालकाकडून वेट_विंडो(), म्हणजे ती मिटेपर्यंत थांबणं. विंडो दिसायच्या आधीच ग्रॅब मागितला तर लिनक्सवर ‘ग्रॅब फेल्ड’ असा एरर येतो. आणि ‘कायम सगळ्यांच्या वर’ करणारं टॉपमोस्ट कृपा करून कुठंही लावू नका. ते लावलं की तुमची विंडो ब्राउझरच्या, प्रिंटरच्या, सगळ्यांच्या डोक्यावर बसते.

सिद्धेश्वर_तळं:
माझा कॉलेज प्रोजेक्ट यासारखाच आहे म्हणून इथंच विचारतो. जॅकार्डच्या (विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागाच्या) डिझाइनची मोठी चित्रं फोल्डरमधून लोड करताना विंडो पांढरी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. थ्रेड (बाजूला समांतर चालणारं काम) लावला तर कधी चालतं, कधी ॲपच बंद पडतं. काय चुकतंय?

होटगी_रोड:
मेनलूप हा एकटा गडी आहे. क्लिक, टाइप, विंडो पुन्हा रंगवणं, सगळं तोच ओळीनं करतो. तू त्याला चित्रं लोड करायला बसवलंस तर तोवर बाकी सगळं थांबतं. विंडोजच्या मेसेजला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही की विंडोज ती विंडो अडकली असं धरतं आणि ते शीर्षक लावतं.

थ्रेड योग्य आहे, पण थ्रेडमधून टीकेच्या कोणत्याही विजेटला हात लावायचा नाही. लेबलचा मजकूरसुद्धा बदलायचा नाही. ‘कधी चालतं, कधी बंद पडतं’ हे त्याचंच लक्षण. थ्रेडनं फाइल वाचायची, आकार लहान करायचा आणि तयार डेटा क्यूमध्ये, म्हणजे दोघांमधल्या रांगेत, टाकायचा. मुख्य बाजूला आफ्टर(१००, तपास) लिहून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघायची, जे आलं असेल त्याचा फोटोइमेज तिथं बनवायचा आणि पुन्हा आफ्टर लावायचा. टाइम.स्लीप तर मुख्य बाजूला कुठंच नको.

आणि विंडो मिटताना तो आफ्टर रद्द कर, आफ्टर_कॅन्सलनं. नाहीतर विंडो गेल्यावर तो उठतो, नसलेल्या विजेटला शोधतो आणि कन्सोलवर ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ची रांग लागते. विंडोनं उघडताना जे जे सुरू केलं ते ते मिटताना तिनंच आवरायचं.

चाटीगल्ली_कोडर:
नवी भानगड. दुकानात मालकांनी लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावला होता, डिझाइनची विंडो तिकडं ठेवायचे. मी विंडोची शेवटची जागा फाइलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथंच उघडतो. आता मॉनिटर काढलाय, आणि विंडो उघडते पण दिसत नाही. टास्कबारवर आहे, स्क्रीनवर नाही.

विजापूर_वेस:
हेच मघाशी म्हणत होतो. क्यूटीत विंडोची जागा-आकार जपून परत आणणारी सेव्हजिओमेट्री आणि रिस्टोअरजिओमेट्री ही जोडी आहे. परत आणताना जागा स्क्रीनबाहेर पडत असेल तर क्यूटी स्वतः ती आत ओढून घेतं. टीकेत हे हातानं करावं लागेल.

आत्ता दुकान अडलं असेल तर: टास्कबारवर विंडो निवडायची, ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग एखादी बाणाची की एकदा दाबायची आणि माउस हलवायचा. विंडो माउसला चिकटून परत येते.

होटगी_रोड:
टीकेत हातानं करायचं ते असं. जिओमेट्री() जी ओळ देतं त्यात रुंदी, उंची आणि वरच्या डाव्या कोपऱ्याची जागा असते. लावण्याआधी ती जागा सध्याच्या स्क्रीनमध्ये येते का तपासा. विन्फो_स्क्रीनविड्थवर विसंबू नका, विंडोजवर ते मुख्य मॉनिटरचंच सांगतं. सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शनं बोलावायचं मॉड्यूल) गेटसिस्टिममेट्रिक्सला ७६, ७७, ७८ आणि ७९ हे आकडे देऊन विचारा: सगळ्या मॉनिटरांच्या एकत्रित पटाची डावी कड, वरची कड, रुंदी आणि उंची मिळते. शीर्षकाची पट्टी त्या पटात येत नसेल तर जुनी जागा सोडून द्या, मुख्य विंडोच्या थोडं खाली-उजवीकडे उघडा. डावीकडे मॉनिटर असेल तर आकडे उणे येतात, तेव्हा ओळ तोडून वाचताना अधिक-उणे चिन्हांकडे लक्ष द्या.

विंडो मॅक्झिमाइझ असताना जिओमेट्री लिहून ठेवू नका. स्टेट() ‘झूम्ड’ आहे एवढंच वेगळं लिहा, आकार आधीचाच राहू द्या. आणि विंडो बनवल्या बनवल्या विन्फो_विड्थ विचारलंत तर उत्तर १ येतं. आधी अपडेट_आयडलटास्क्स() चालवा, मग विचारा.

भुईकोट:
लिनक्सवाल्यांसाठी एक भर. वेलँडवर, म्हणजे लिनक्सवरच्या पडदा-विंडोंच्या नव्या व्यवस्थेत, हा विषय मुळातच वेगळा आहे. तिथं ॲपला आपली मुख्य विंडो पडद्यावर कुठं ठेवायची हे सांगताच येत नाही, आपण कुठं आहोत हेही कळत नाही. ते काम पूर्णपणे कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामचं. जीटीके४ हे विंडो टूलकिट डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा विंडो हलवायचं फंक्शनच त्यातून काढून टाकलं. टीके अजून एक्सवेलँडमधून (जुन्या पद्धतीची ॲप वेलँडवर चालवणारा दुवा) चालतं म्हणून जुना कोड बऱ्यापैकी चालून जातो. पण नवं काही लिहिताना आकार लक्षात ठेवा आणि जागेचा आग्रह सोडा. मला स्वतःला हे योग्य वाटतं. जागा कुठली ते समोर बसलेल्या माणसानं ठरवावं.

विजापूर_वेस:
डेस्कटॉपवर बसणाऱ्या माणसाला मात्र काल ठेवलेली विंडो आज तिथंच हवी असते. कडक_भाकरी ताईंनी सांगितलं तेच, बोटांना पाठ झालेलं असतं. ती सोय काढून घेणं मला पटत नाही.

भुईकोट:
ती सोय कंपोझिटरनं द्यावी, प्रत्येक ॲपनं आपापली वेगळी नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

कडक_भाकरी:
कोणीही द्या, पण द्या.

चाटीगल्ली_कोडर:
जागेची तपासणी बसवली, चालली. चलान मोडल नाही, एंटर-एस्केप बांधलं, फुलीवर तीन उत्तरांचा प्रश्न लावला. दिवाणजींनी काल संध्याकाळपर्यंत त्यावरच काम केलं, दोन चलानं शेजारी-शेजारी उघडी ठेवून. लाइट गेली तर काय, म्हणून चलानाचा मसुदाही आफ्टरनं दर थोड्या वेळानं डेटाबेसमध्ये लिहितोय.

दोन बारीक गोष्टी राहिल्यात. मालकांच्या नव्या लॅपटॉपवर अक्षरं धूसर दिसतात. आणि टास्कबारवर पेढीच्या चिन्हाऐवजी पायथनचं चिन्ह येतं.

होटगी_रोड:
धूसर अक्षरं म्हणजे त्या लॅपटॉपवर डिस्प्ले स्केल १२५ किंवा १५० टक्के असणार. तुमचं ॲप स्केल समजतं असं विंडोजला सांगितलेलं नाही, म्हणून ते चित्र ताणून दाखवतंय. सीटाइप्समधून शकोअर या विंडोजच्या लायब्ररीतलं सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस(१) टीके() बनवायच्या आधी चालवा. त्यानंतर अक्षरं स्वच्छ होतील, पण जिथं पिक्सेलमध्ये मोजून प्लेसनं विजेट मांडलेत तिथं ती एकमेकांवर चढतील. ते भाग ग्रिडवर (ओळी-रकान्यांच्या मांडणीवर) आणा, रकान्यांना वेट द्या म्हणजे ते विंडोबरोबर रुंदावतील, आणि विंडोला मिनसाइझ (कमीत कमी आकार) लावा म्हणजे सेव्हचं बटण कधी झाकलं जाणार नाही.

चिन्हासाठी रूटवर आयकॉनबिटमॅपमध्ये डीफॉल्ट म्हणून आयको फाइल द्या, ती विंडोजवर सगळ्या टॉपलेव्हलना लागू होते. टास्कबार मात्र प्रोसेस बघतो, आणि प्रोसेस पायथनची आहे. शेल३२ या विंडोजच्या लायब्ररीतलं सेटकरंटप्रोसेसएक्सप्लिसिटॲपयूजरमॉडेलआयडी पहिली विंडो उघडायच्या आधी आपल्या ॲपचं एखादं कायमचं नाव देऊन चालवा. ते नाव दर आवृत्तीला बदलू नका, नाहीतर दिवाणजींनी टास्कबारवर पिन केलेलं चिन्ह एक आणि चालू विंडो दुसरीच, असं होईल. पुढं पायइन्स्टॉलरनं (पायथन प्रोग्रामची थेट चालणारी फाइल बनवणारं साधन) ईएक्सई बनवाल तेव्हा आयकॉन त्या ईएक्सईलाच लावा.